आम्ही आणि आपण



या घटकात तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा अभ्यास करीत आहात. ग्रंथाचा परिचय, आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे, भाषाशैली हे सारे तुम्हाला घटकाच्या मुख्य भागात मिळेल. हा लेख त्याला जोड म्हणून लिहिला आहे. त्याचे निमित्त एका प्रश्नाचे आहे. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्क सत्रात मी याच ग्रंथाविषयी बोलत होते. तास संपत आला असताना मागच्या बाकावरील एका अंगणवाडी सेविकेने विचारले, “मॅडम, शेवटी लक्ष्मीबाईंनी नवऱ्यासाठीच धर्म बदलला ना? मग त्यात त्यांचं स्वतःचं काय राहिलं?”

मी तेव्हा दिलेले उत्तर परीक्षेच्या दृष्टीने बरोबर होते. पण घरी येताना ते मला अपुरे वाटू लागले. प्रश्न विचारणारी स्त्री लक्ष्मीबाईंविषयी विचारत होती, तशी कदाचित स्वतःविषयीही विचारत असावी. म्हणून ते उत्तर आज सावकाश देते. त्यासाठी मला माझ्या आयुष्यातील एक मैत्री आणि त्या मैत्रीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल.

आरंभ मात्र व्याकरणापासून करू, कारण माझा विषय भाषाशास्त्राचा आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही निघतो’ असे म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण निघू’ असे म्हटले की तोही बरोबर येतो. हिंदी भाषकाला दोन्हींसाठी एकच ‘हम’ पुरतो, इंग्रजीतही हा भेद नाही. आपल्याला मात्र तोंड उघडताच ठरवावे लागते, की समोरच्या माणसाला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे. हा भेद मी विद्यापीठात शिकले. तो कळला मात्र शरणपूर रस्त्यावरच्या एका भाड्याच्या घरात.

ते वर्ष 1992. मी पंचविशीत होते, नुकतीच अधिव्याख्याता झाले होते, लग्नाला दोन वर्षे झाली होती. माझे यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. रोज सकाळी डबा घेऊन ते बाहेर पडत आणि संध्याकाळी परत येत. एके दिवशी त्यांच्या एका सहकाऱ्याची पत्नी मला बाजारात भेटली आणि सहज म्हणाली, “दोन महिने झाले ना नोकरी सोडून? वर्कशॉप कसं चाललंय?” मला यातले काहीच ठाऊक नव्हते. नोकरी सोडलेली होती, भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम एका छोट्या वर्कशॉपमध्ये गुंतवलेली होती, आणि ते वर्कशॉप चालत नव्हते. मी रोज भरून दिलेला डबा दोन महिने कुठे उघडला जात होता, हे मला एका परक्या बाईकडून कळले.

पैसे गेल्याचे दुःख मला नंतर झाले. आधी झाले ते ‘आपण’ या शब्दाचे. ज्या घराला मी ‘आपले’ म्हणत होते त्याचा निर्णय एका माणसाने एकट्याने घेतला होता. त्यानंतर आमच्या घरात कित्येक आठवडे कामापुरतीच वाक्ये बोलली गेली.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाई रुग्णालयात परिचारिका होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणत असे. नाशिकमध्ये ख्रिस्ती शेजार ही नवलाची गोष्ट नाही. शरणपूर ही वस्तीच मुळी चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये ख्रिस्ती गाव म्हणून वसवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी आणि वाटेत सोडवलेली मुलेही तेथे आश्रयाला आली होती. वस्तीच्या नावातच शरण आलेल्यांची आठवण आहे. ताईंचे घर पिढ्यांपासून तिथल्या मंडळीतले. नाताळात त्यांच्याकडून करंज्या आणि लाडू येत, दिवाळीत आमच्याकडून जात. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

माझ्या घरातली शांतता त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आली असावी. एका संध्याकाळी त्या आल्या. काय झाले असे त्यांनी विचारले नाही. थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “मी प्रार्थना केली तर चालेल का?” मी जरा तुटकपणेच म्हणाले, “नको. मला हे काही नको आहे.” त्या दुखावल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या, “मग आपण तांदूळ निवडू.” कोपऱ्यातले सूप त्यांनी पुढे ओढले आणि आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने, दिवसपाळी असेल तेव्हा, त्या संध्याकाळी येत. कधी तांदूळ, कधी मेथी, कधी नुसताच चहा. नवऱ्याला माफ कर असे त्या म्हणाल्या नाहीत आणि सोडून दे असेही म्हणाल्या नाहीत. निघताना उंबऱ्यापाशी क्षणभर थांबत, डोळे मिटत आणि जात. त्यांचे मिटलेले डोळे मला दिसत. पण मी काही विचारत नसे. केव्हातरी त्यांच्या बोलण्यातले ‘तुम्ही मॅडम’ गळून पडले आणि ‘अगं’ आले. आमच्या घरात हळूहळू पुन्हा वाक्ये सुरू झाली. वर्कशॉप बंद झाले, यजमानांना दुसरी नोकरी मिळाली, कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. लग्न टिकले. ते कशाने टिकले याचे एकच एक कारण मला आजही सांगता येणार नाही. पण त्या तीन महिन्यांत मला कोणी घाई केली नाही, हे त्यातले एक कारण आहे.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. त्यांचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी झाला. वडिलांचे सोवळे अतिरेकी. त्या सोवळ्याच्या कडेकोट घरात त्या वाढल्या. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळा अशी नव्हतीच. टिळक कवी, बुद्धिमान, उदार, आणि संसाराच्या दृष्टीने पूर्ण बेभरवशाचे. हाती पैसा टिकत नसे आणि मनात आले की घर सोडून निघत. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि ते ख्रिस्ती धर्माचा विचार करू लागले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळले.

हा प्रसंग वाचताना तुम्ही तो ‘धर्मांतर’ या मथळ्याखाली टिपून ठेवाल. तसा ठेवाच, पण एका पत्नीच्या बाजूनेही तो वाचा. नवऱ्याने आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय तिच्याविना घेतला. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या हिशेबी त्याच्या हातचे पाणीही चालत नाही. सधवा म्हणावे तर संसार नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. या अवस्थेला भाषेत शब्दही नव्हता.

पुढची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाई टिळकांपासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. या काळात त्यांना माहेरच्या माणसांनी, विशेषतः थोरल्या बहिणीने सांभाळले. याच दुःखात त्यांच्या हातून कविता उतरू लागली. पुढे त्या नगर भागात टिळकांजवळ आल्या. पण आपले सोवळे आणि आपली वेगळी चूल घेऊन आल्या. टिळकांनी ती चूल विझवण्याची सक्ती केली नाही. मग केव्हातरी जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, देवाने नव्हे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतले आणि त्यांनी आधी विटाळ टाकला. ख्रिस्ती धर्म त्यानंतर स्वीकारला. ते वर्ष 1900.

हा क्रम लक्षात ठेवा. केवळ नवऱ्यासाठीच धर्म बदलायचा असता तर 1895 मध्येच बदलता आला असता. त्यांनी पाच वर्षे घेतली. घरात टिळक ख्रिस्ती आणि त्या हिंदू असतानाही त्यांनी दिवस काढले. वडिलांच्या सोवळ्याशी त्यांचा जो बालपणापासूनचा हिशेब होता तो त्यांनी स्वतः पुरा केला आणि मगच पुढचे पाऊल टाकले. टिळकांनी वाट उघडली हे खरे. परंतु ती त्या आपल्या पायांनी चालल्या.

येथे कायद्याची एक बाब सांगते, कारण तिच्यामुळे या कथेला वेगळे वजन येते. धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहविच्छेदासाठी इंग्रज सरकारने 1866 मध्येच कायदा केला होता. धर्मांतराच्या कारणावरून जोडीदार नांदायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयातून तो विवाह मोडून घेता येत असे. म्हणजे टिळकांना नवा संसार मांडण्याची वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. लक्ष्मीबाईंनी श्रद्धा बदलावी ही अट त्यांनी लग्नाला घातली नाही, आणि टिळकांनी परत फिरावे ही अट लक्ष्मीबाईंनाही पुरी करून घेता आली नाही. श्रद्धा दोन आणि लग्न एक अशा स्थितीत ते दोघे राहिले, म्हणूनच पुढचा संसार शक्य झाला.

बाप्तिस्म्यानंतर सारे सुरळीत झाले, असे मात्र समजू नका. दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या घरात आली आणि घर वाढले. ओढग्रस्त मात्र तशीच राहिली. 1917 मध्ये टिळकांनी संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. म्हणजे उतारवयात पुन्हा एकदा नवऱ्याने घराबाहेरचा मार्ग धरला. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा उरलेला फार मोठा भाग लिहून काढला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध होऊ लागली आणि 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकलाच त्यांनी देह ठेवला.

आणखी एक निरीक्षण भाषेचे. त्या काळची पत्नी नवऱ्याचा उल्लेख ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’, ‘हे’ अशा आडवळणांनी करीत असे. लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ असे लिहितात. त्यात आदर आहे, प्रेम आहे आणि हातभर अंतरही आहे. त्या अंतरामुळेच त्यांना नवऱ्याच्या चुकांवर हसता येते, आणि हसता हसता क्षमाही करता येते. तुम्ही पाठ वाचाल तेव्हा हे नाव कोणकोणत्या सुरांत येते ते पाहा.

आता माझी चूक. 1995 मध्ये ताईंच्या घरावर संकट आले. त्यांच्या यजमानांचे बाहेर संबंध होते आणि ते आता लपलेले राहिले नव्हते. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांना सांगत होत्या की सहन कर, प्रार्थना कर, देव त्यांना परत आणील. ताई माझ्याकडे आल्या. खरे म्हणजे सूप ओढण्याची पाळी आता माझी होती. पण मी त्या वेळी प्राध्यापक होते, वाचलेली होते, स्त्रियांच्या हक्कांवर महाविद्यालयात भाषणे देत होते. मी म्हणाले, “ताई, तुम्ही लोक किती दिवस सहन करणार? घटस्फोट घ्या. निर्णय घ्या एकदाचा.”

‘तुम्ही लोक.’ तीन वर्षे ज्या बाईने मला ‘आपण’मध्ये ठेवले होते, तिला मी एका वाक्यात बाहेर काढले.

त्या काही बोलल्या नाहीत. मी मात्र दर भेटीत तेच विचारत राहिले : काही ठरवले का? हळूहळू त्यांचे येणे कमी झाले. पुढे त्यांनी घर बदलले, मीही बदलले. नाताळच्या करंज्या एक-दोन वर्षे कोणाच्या तरी हाती आल्या आणि मग तेही थांबले.

मी जे इतक्या सहजपणे सांगत होते ते त्या वेळी कायद्यात नव्हतेच, हे मला फार नंतर कळले. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला भारतीय घटस्फोट कायदा 1869 चा. त्यानुसार पत्नीचा व्यभिचार एवढ्या एका कारणावर पतीला घटस्फोट मागता येई. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग दाखवावा लागे. जिल्हा न्यायालयाने दिलेला निकालही उच्च न्यायालयाने कायम करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये यातील विषमता घटनाबाह्य ठरवली आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलून पती-पत्नींना समान आधार दिले, परस्परसंमतीचा मार्गही दिला. म्हणजे 1995 मध्ये ‘घटस्फोट घ्या’ हे माझे वाक्य त्यांच्यासाठी एका बंद दाराकडे केलेला हात होता. त्यांनी वकिलाला आधीच विचारले होते. दार बंद आहे हे त्यांना ठाऊक होते, मला नव्हते. आणि तरी ओरडत होते मी.

येथे एक गैरसमज होऊ नये. जिथे मारहाण आहे, जिवाला भीती आहे, तिथे नुसते शेजारी बसून भागत नाही. तिथे बाईला घराबाहेर काढणे, पोलीस, वकील, संरक्षण अधिकारी यांच्यापर्यंत नेणे हीच मैत्री होय. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे आणि तो तुम्हाला माहीत असला पाहिजे. माझी चूक सल्ला देण्यात नव्हती. मी विचारण्याआधी सांगितले आणि ऐकण्याआधी ‘तुम्ही लोक’ म्हटले, ही ती चूक.

त्या संपर्क सत्रानंतर मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. पंढरपूरच्या आसपासची पाने वाचताना मला पुस्तक मिटावे लागले. लक्ष्मीबाईंना लाभला तो वेळ मी माझ्या मैत्रिणीला दिला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पत्ता शोधून मी ताईंकडे गेले.

त्या आता निवृत्त झाल्या आहेत, मुलीजवळ राहतात. त्यांनी दार उघडले, मला ओळखले आणि चहा ठेवला. मी जे सांगायला गेले होते ते सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, मी निर्णय घेतला होता. मुलीला घेऊन वेगळं राहायचं, कोर्टात जायचं नाही, कोणाला वाईट बोलायचं नाही. तुला सांगायलाच येत होते. पण तू बसतच नव्हतीस.” पुढे 2001 नंतर दार उघडले तेव्हा त्यांनी ते वापरले नाही, आता त्याची गरज वाटली नाही, एवढेच म्हणाल्या. यजमान शेवटच्या आजारात असताना त्या त्यांना रुग्णालयात भेटून येत. “बायको म्हणून की नर्स म्हणून?” असे मी विचारणार होते, पण या वेळी मी विचारले नाही.

निघताना मात्र एक प्रश्न मला आवरला नाही. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला उद्देशून ‘आम्ही’ म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने ते अचूक आहे, कारण ऐकणारा देव त्या ‘आम्ही’त मोडत नाही. पण त्यात बोलणाऱ्याबरोबर कोण कोण असते, हे सर्वनामावरून कळत नाही. मी म्हणाले, “ताई, तेव्हा उंबऱ्यात तुम्ही डोळे मिटत होतात. त्या ‘आम्ही’त मी होते का?”

त्या हसल्या. “तू नको म्हणाली होतीस ना? मग तुला त्यात कशी घेणार? मी तुझ्यासाठी मागत होते. तुझ्या वतीनं नाही.”

तीस वर्षे मी शब्दयोगी अव्यये शिकवीत आले आहे. ‘साठी’ आणि ‘वतीने’ यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडला नव्हता.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी तो यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला. मी सुरुवातीच्या खर्ड्यात ‘त्यांनी माझ्यापासून लपवले’ असे लिहिले होते. ते म्हणाले, “लपवलं असं नको लिहूस. सांगता आलं नाही, असं लिही.” मी दोन्ही क्रियापदांचा विचार केला आणि शेवटी दोन्ही वगळून नुसते जे घडले तेवढे ठेवले. ताईंनाही वाचून दाखवला. त्यांनी फक्त नाव घालू नकोस असे सांगितले. ते मी पाळले आहे.

त्या अंगणवाडी सेविकेचा प्रश्न अजून माझ्याजवळ आहे : त्यात लक्ष्मीबाईंचं स्वतःचं काय राहिलं? माझे उत्तर असे, की 1895 ते 1900 ही वर्षे त्यांची स्वतःची राहिली. त्या वर्षांत त्यांना कोणी कोणी बसायला जागा दिली, आणि कोणी कोणी ‘एकदाचे ठरव’ म्हटले, हे तुम्ही पुस्तकात शोधा. प्रत्येक ठिकाणी ‘आम्ही’ आहे की ‘आपण’, ते पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढच्या संपर्क सत्राला ती पाने बरोबर आणा; आपण त्यांवर बोलू.